आजोबांचा रेझर पुन्हा गालावर: जुना सेफ्टी रेझर साफ करण्यापासून पहिल्या दाढीपर्यंत

जुनं घर आवरायला काढलं की दाढीच्या सामानाचा डबा हमखास निघतो. केस गळालेला ब्रश, झिजून बोराएवढा उरलेला तुरटीचा खडा, पारा उडालेला हातआरसा आणि तळाशी, साबणाच्या पांढऱ्या खपलीत रुतून बसलेला रेझर. आमच्याकडे हा डबा आजोबांच्या कपाटात वरच्या फळीवर होता. ते गेल्यावर कित्येक वर्षं त्याला कुणी हात लावला नव्हता. मी तो रेझर उचलला तेव्हा सगळ्यात आधी जाणवलं ते त्याचं वजन. प्लॅस्टिकच्या रेझरची सवय झालेल्या हाताला ते चांगलंच लागतं.

हे वजन लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. गालावर दाब द्यायचं काम रेझरचं, तुमचं नाही. आणि साफ करतानाही तेच: जोर लावून घासलेला रेझर चकचकीत दिसतो खरा, पण त्याच्या अंगावरचा मुलामा निघून जातो. दोन्हीकडे हात हलका हवा. हा लेख ज्यांच्या हाती असा रेझर पहिल्यांदाच आला आहे त्यांच्यासाठी आहे.

आधी ओळख करून घ्या

इथे सेफ्टी रेझर म्हणजे दोन्ही बाजूंनी धार असलेलं पातळ पातं धरणारं साधन. अमेरिकेतला फिरता विक्रेता किंग कॅम्प जिलेट याला १८९५ च्या सुमारास ही कल्पना सुचली: वस्तरा परजत बसण्यापेक्षा स्वस्त पातं वापरावं आणि बोथट झालं की टाकून द्यावं. अडचण पोलादाची होती. इतक्या पातळ पत्र्याला टणकपणा द्यायचा आणि तो वाकडा होऊ द्यायचा नाही, हे जमत नव्हतं. विल्यम निकरसन या अभियंत्याने ते जमवलं. १९०३ मध्ये विक्री सुरू झाली, आणि त्या वर्षी खपले फक्त ५१ रेझर आणि १६८ पाती. पेटंट मिळालं १५ नोव्हेंबर १९०४ ला, आणि त्याच वर्षात रेझरचा खप ९० हजारांच्या वर गेला.

हा इतिहास सांगायचं कारण एकच. पातं जेमतेम ०.१ मिलिमीटर जाड असतं. ते स्वतःच्या बळावर ताठ राहू शकत नाही. रेझरचं वरचं टोपण आणि खालची पट्टी यांच्यात ते दाबलं जातं, किंचित कमानीसारखं वाकतं आणि त्या वाकण्यामुळे ताठ होतं. म्हणून टोपणाचा कोपरा केसभर जरी वाकलेला असेल, तरी पात्याची एक बाजू जास्त बाहेर डोकावते आणि तीच बाजू गाल कापते. जुना रेझर तपासायचा म्हणजे मुख्यतः हेच तपासायचं. चकाकी दुय्यम.

तुमच्या हातातला रेझर बहुधा पुढच्यापैकी एक असेल. टोपण, पट्टी आणि दांडी असे तीन सुटे भाग होत असतील, तर तो तीन तुकड्यांचा. सगळ्यात साधा, सगळ्यात टिकाऊ आणि शिकायला सगळ्यात सोपा. त्यात पट्टीला कंगव्यासारखे दाते असले तर तो जुन्या धाटणीचा, सलग कड असली तर नंतरचा. १९३० च्या दशकाच्या अखेरीस आलेला जिलेटचा टेक हा सलग कडेचा रेझर. नवशिक्याने डोळे झाकून घ्यावा असा. दांडीच्या बुडाशी असलेली फिरकी फिरवली की वरची दोन दारं फुलपाखराच्या पंखांसारखी उघडत असतील, तर तो बटरफ्लाय. १९४७ पासूनचा सुपर स्पीड या प्रकारातला. आणि मानेशी १ ते ९ आकड्यांची चकती असेल तर तो पातं किती बाहेर डोकावेल ते कमी-जास्त करता येणारा; १९५८ ते १९६१ दरम्यान निघालेला जाड दांडीचा 'फॅट बॉय' यातला सगळ्यात नावाजलेला.

१९५० च्या दशकापासूनच्या अमेरिकन जिलेटवर, डोक्याच्या खालच्या अंगाला एक अक्षर आणि एक आकडा कोरलेला सापडतो. अक्षर वर्षाचं, आकडा तिमाहीचा. ई-२ असेल तर तो १९५९ च्या दुसऱ्या तिमाहीतला. आपल्या वडिलांच्या जन्मवर्षाचा रेझर शोधणारे लोक मी पाहिले आहेत, आणि त्यांचा आनंद मला समजतो.

घरात नसेल तर पुण्याचा बुधवार-रविवारचा जुना बाजार किंवा मुंबईचा चोर बाजार इथे फेरी मारा. चष्मा आणि टॉर्च बरोबर असू द्या. घेण्याआधी तीन गोष्टी बघा: आटे सहज फिरतात का, दांडीला उभी चीर आहे का (जुन्या पोकळ दांड्या चिरतात), आणि कंगव्याचे सगळे दाते एका रेषेत आहेत का. वाकलेला दाता सरळ करायला गेलं की बहुतेकदा तुटतो. असा रेझर कपाटात शोभेला ठेवायला चांगला, गालाला नको.

साफसफाई: इथे घाई करू नका

सर्वात आधी आत जुनं पातं अडकलेलं आहे का ते बघा. असेलच. सैल करताना रेझर बेसिनवर धरा, पातं लांबीच्या दोन टोकांना, म्हणजे जिथे धार नसते तिथे, पकडून काढा आणि थेट डब्यात टाका. ते पातं कितीही कोरं दिसलं तरी त्याने दाढी करायची नाही. डब्यात कागदात गुंडाळलेली जुनी पाती मिळाली तरी नाही. जुनी पोलादी पाती बऱ्याचदा गंजलेली असतात. गंजरोधक पाती सर्रास वापरात आली ती १९६० च्या दशकात.

मग धातू ओळखा. चुंबक जोरात चिकटला तर लोखंड किंवा पोलाद. चिकटला नाही आणि वजन भरपूर असेल तर आत पितळ, वर निकेल, चांदी किंवा सोन्याचा मुलामा. हातात अगदी हलका लागला तर ॲल्युमिनियम. ॲल्युमिनियमच्या दांडीला धुण्याचा सोडा लावू नका, ती काळी पडते. दांडी बेकलाइटची किंवा प्लॅस्टिकची असेल तर पाणी कोमटच ठेवा.

आता मी काय चुकलो ते सांगतो, म्हणजे तुमच्याकडून ते होणार नाही. आजोबांचा रेझर सोनेरी होता. मला वाटलं, पितळ आहे. देवाची भांडी जशी घासतो तशी चिंच लावली, वर भांडी घासायची पूड, आणि नारळाच्या शेंडीने दहा मिनिटं मनापासून घासला. पाण्याखाली धरला तेव्हा दांडीवरची नक्षी स्वच्छ झाली होती आणि तिच्या उंच कडांवरचं सोनं निघून गेलं होतं. खोलगट भागात पिवळं सोनं तसंच, उंचवट्यावर लालसर उघडं पितळ. सोन्याचा तो थर इतका पातळ असतो की आजोबांच्या बोटांनी इतक्या वर्षांत जेवढा झिजवला नव्हता तेवढा मी एका सकाळी काढला. तो परत आलेला नाही. रेझर आजही उत्तम चालतो, पण त्या कडांकडे पाहिलं की मला ती सकाळ आठवते.

म्हणून चिंच, लिंबू-मीठ, राख, रांगोळी, तारेची घासणी, भांड्यांची पूड यातलं काहीही मुलामा असलेल्या रेझरला लावायचं नाही. ही सगळी उघड्या पितळेची औषधं आहेत.

काय करायचं ते असं. एका वाडग्यात हाताला सोसेल इतकं गरम पाणी घ्या, त्यात भांड्यांचं लिक्विड दोन-चार थेंब. सुटे केलेले भाग त्यात वीस मिनिटं सोडून द्या. बेसिनचं भोक आधी बंद करा. छोटी पट्टी निसटून गेली तर बेसिनखालची नळी खोलावी लागते. वीस मिनिटांनी पाणी दुधाळ होईल. तो सगळा जुना साबण. पाणी बदला, पुन्हा बुडवा. मऊ दातांचा जुना टूथब्रश घेऊन लहान लहान गोल फिरवत घाण सैल करा. आट्यांमध्ये आणि पट्टीच्या छिद्रांत लाकडी दातकोरणी चालते, सुई किंवा पिन चालत नाही, चरा पडतो. बहुतेक रेझर एवढ्यानेच निम्म्याहून अधिक उजळतात. तीन-चार वेळा भिजवणं म्हणजे आळस नाही. जिथे ब्रश पोचत नाही तिथे पाणीच काम करतं.

तरीही पांढरे डाग राहिले तर ते साबणाचे नाहीत, क्षाराचे आहेत. बोअरचं पाणी वापरणाऱ्या घरात ते असतातच. पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं करा, त्यात कापसाचा बोळा भिजवून डागावर ठेवा, मिनिटा-मिनिटाला उचलून बघा. पाच मिनिटांच्या पुढे जायचं नाही, आणि सोनेरी रेझरला हे मुळीच नको. लगेच साध्या पाण्याने धुवा. कपडे पांढरे करायचं ब्लीच इथे कामाचं नाही: ते धातू खातं, आणि व्हिनेगरशी गाठ पडली तर विषारी वायू सुटतो.

हिरवट पूड दिसली तर मुलाम्याखालचं पितळ उघडं पडून हवा खातंय. साबणाच्या पाण्याने आणि दातकोरणीने ती निघते. जिथून निघेल तिथे खड्डा दिसेल. तो राहू द्या. निकेलचा मुलामा शाबूत असेल तर धातूची पॉलिश मऊ सुती कापडावर तांदळाएवढी घेऊन एकदा, फार तर दोनदा फिरवता येते, आणि नंतर साबणाने पुन्हा धुवायची. काळवंडलेलं कापड बघून उत्साह वाढतो आणि हात थांबत नाही. थांबवा.

बटरफ्लाय रेझरची फिरकी अडकली असेल तर पक्कड लावू नका. आतल्या दांड्यावर साबण दगडासारखा बसलेला असतो. रेझर डोकं खाली करून गरम साबणाच्या पाण्यात रात्रभर ठेवा, सकाळी रबराच्या तुकड्याने फिरकी धरून थोडी पुढे, थोडी मागे करा. एकदा सैल झाली की नळाखाली उघड-मिट करत राहा. आतून चॉकलेटी पाणी येईल, ते स्वच्छ होईपर्यंत. वाळल्यावर दारांच्या बिजागरीत आणि फिरकीच्या फटीत शिलाई मशीनच्या तेलाचा एक एक थेंब सोडा. खोबरेल नको, काही दिवसांनी चिकट होतं.

शेवटी निर्जंतुकीकरण. घाण निघाल्यावरच, आधी नाही, कारण साबणाच्या थराखाली औषध पोचत नाही. औषधाच्या दुकानात ७० टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल मिळतं. धातूचे भाग त्यात दहा मिनिटं पूर्ण बुडवून ठेवा, गॅसपासून लांब, आणि उघड्यावर वाळू द्या. रेझर घरच्याच माणसाचा असला तरी ही पायरी गाळू नका. दुसऱ्याच्या रक्ताशी संबंध आलेली वस्तू आहे ती.

मुलामा पार गेला असेल तर पुन्हा चढवून मिळतो. चांगला प्लेटिंगवाला आधी बफिंग करतो, म्हणजे फिरत्या चाकावर घासून गुळगुळीत करतो, मग निकेल चढवतो. पण बफिंगमध्ये नक्षी आणि कोरलेली अक्षरं पुसट होतात हे त्याला आधीच सांगा आणि चाक हलकं लावायला सांगा. माझं मत विचाराल तर नका करू. उघडं पितळ कातडीला सहसा काही करत नाही, फक्त दाढीनंतर पुसून ठेवावं लागतं.

पातं बसवून तपासणी

किराणा दुकानात मिळणारी साधी दुधारी पाती १९०४ सालच्या रेझरलाही बसतात. सुरुवातीच्या रेझरच्या टोपणाला आत तीन खुंट्या असायच्या आणि पात्याला तीन गोल भोकं. पुढे पात्याला मधोमध लांब खाच आली, पण ती खाच अशी कापली गेली की जुन्या खुंट्याही तिच्यातून जाव्यात. शंभर वर्षांपूर्वीच्या वस्तूचा खपणारा भाग आजही कोपऱ्यावर सहज मिळतो, हे मला या सगळ्या छंदातलं सगळ्यात सुंदर वाटतं.

टोपण उलटं करून तळहातावर ठेवा, त्यावर पातं, त्यावर पट्टी, मग दांडी फिरवा. आवळताना डोकं आखूड बाजूंनी धरायचं. पूर्ण आवळा, सैल पातं थरथरतं आणि कापतं. मग रेझर डोळ्यांच्या पातळीवर, खिडकीच्या उजेडात आडवा धरा. दोन्ही बाजूंना धारेची रेघ सारखीच दिसली पाहिजे. एकीकडे जास्त दिसली तर थोडं सैल करून पातं चिमटीने सरकवा आणि पुन्हा आवळा. तीन वेळा करूनही तिरपंच राहिलं तर टोपण वाकलेलं आहे. आकड्यांचा रेझर असेल तर २ किंवा ३ वर ठेवा आणि महिनाभर तिथेच राहू द्या.

पात्यांमध्ये फरक असतो. एकाला जे लोण्यासारखं फिरतं ते दुसऱ्याला ओरबाडतं. दोन-तीन कंपन्यांच्या पाच-पाचच्या पुड्या आणा आणि प्रत्येकीला आठवडाभर द्या. पण हे महिनाभरानंतर; पहिल्या महिन्यात एकाच कंपनीची पाती धरून राहा, नाहीतर चूक हाताची की पात्याची हे कळत नाही.

दाढीच्या आधी

दोन दिवस दाढी वाढू द्या. मग तळहात गालावरून, हनुवटीवरून, गळ्यावरून सगळ्या दिशांना फिरवा. ज्या दिशेने हात गुळगुळीत जातो ती केसांची सुलटी दिशा, जिथे खुंट टोचतात ती उलटी. गालावर बहुधा वरून खाली. गळ्यावर मात्र काहीही असू शकतं: कुणाचे आडवे, कुणाचे खालून वर, कुणाच्या कंठमण्याशेजारी चक्क भोवरा. माझ्या गळ्याच्या डाव्या बाजूचे केस कानाकडे जातात, आणि हे मला वयाच्या चाळिशीत कळलं. एका कागदावर चेहरा काढून बाण मारून ठेवा. गळ्यावर येणाऱ्या पुटकुळ्यांमागे बऱ्याचदा ही दिशा माहीत नसणं असतं.

दाढी अंघोळीनंतर करा. ते जमत नसेल तर गरम पाण्यात पिळलेला पंचा दोन-तीन मिनिटं तोंडावर धरा. ओला केस कोरड्यापेक्षा कितीतरी सहज कापला जातो. आजोबा दाढीला बसायचे तेव्हा पितळेच्या वाटीत गरम पाणी आणि खांद्यावर पंचा असायचा, आणि कुणी घाई केली तर ते फक्त हात वर करायचे.

ब्रश पाण्यात भिजवून झटका, साबणावर अर्धा मिनिट फिरवा, मग वाटीत किंवा थेट गालावर थेंब-थेंब पाणी घालत फेस करा. फेस चक्क्यासारखा घट्ट नको आणि मोठ्या बुडबुड्यांचाही नको. घोटलेल्या दह्यासारखा, ओलसर, चकाकणारा हवा. बोटांत चोळून बघा. निसरडा लागला पाहिजे. घट्ट फेस आरशात छान दिसतो पण त्यावर पातं अडखळतं. पाणी जड असेल तर साबण फाटतो, तेव्हा फेसापुरतं आरओ फिल्टरचं पिण्याचं पाणी घ्या. डब्यातलं फवाऱ्याचं फोम इथे उपयोगाचं नाही.

पहिला हात

पहिल्या वेळी फक्त गाल करा. बाकीचं नेहमीच्या साधनाने उरका. दोन-चार दिवस असंच. गाल सपाट असतो, शिकायला सोपा.

रेझर दांडीच्या खालच्या निम्म्या भागात, अंगठा आणि दोन बोटांनी धरा. पेन्सिल धरतो त्याहून सैल. कानाजवळ टोपण गालावर सपाट टेकवा, तेव्हा दांडी गालापासून सरळ बाहेर आलेली असेल. या अवस्थेत पातं लागतच नाही. आता दांडी हळूहळू खाली आणा, धार गालाला जेमतेम लागेपर्यंत. तिथे थांबा. पातं आणि कातडी यांच्यात साधारण ३० अंशांचा कोन झालेला असेल. मोजायची गरज नाही, कान लावा. कोन बरोबर असला की खुंट कापले जाताना बारीक खरखर ऐकू येते, कोरड्या पानावरून काडी ओढल्यासारखी. आवाज बंद झाला की कोन गेला.

दुसऱ्या हाताच्या बोटांनी कातडी कानाकडे वर ताणा. बोटं कोरडी हवीत, नाहीतर निसटतात. तुरटीचा खडा चोळला तर पकड येते. आता दोन-तीन सेंटिमीटरचा छोटा हात खाली. उचला. पुन्हा छोटा हात. मनगट वाकवू नका, दंडापासून हात हलवा, म्हणजे कोन टिकतो. रेझर गालावर टेकलेला असतो इतकंच, ढकललेला नसतो. शंका आली तर धरणारी बोटं आणखी सैल करा. जे केस राहतील ते राहू द्या. फेस नसलेल्या जागी पुन्हा पातं फिरवायचा मोह या काळात सगळ्यात जास्त होतो आणि सगळ्यात जास्त आग त्यानेच होते.

पातं त्याच्या धारेच्या रेषेतच बाजूला कधीही सरकवायचं नाही. चाकूने फळ कापताना आपण जे करतो तेच इथे गालावर होतं.

आठवड्याने गळ्यावर या. मान वर करा, कातडी खाली ताणा, बाणांचा कागद आरशाला चिकटवा. जबड्याच्या कडेला कातडी गालावर ओढून घ्या, म्हणजे हाडावर न कापता सपाटीवर कापाल. ओठावर आणि हनुवटीवर सगळ्यात शेवटी: तिथले केस सर्वांत जाड, त्यांना फेसाखाली जास्त वेळ मिळू द्या. वरचा ओठ दातांवर घट्ट ओढा, नाकाखाली अगदी अर्ध्या सेंटिमीटरचे हात.

सुलटा एक हात झाला की धुऊन बघा. बऱ्याच लोकांना ऑफिसला जायला एवढं पुरतं. आणखी साफ हवं असेल तर पुन्हा फेस लावून आडवा हात, म्हणजे केसांच्या दिशेला काटकोनात. उलटा हात महिनाभर तरी नको. न्हाव्याकडे उलटा हात मारून घेतल्यावर गाल जसा लागतो तसा पहिल्या दिवशी हवा असतो, ते मी समजू शकतो. पण केस कुरळे असतील आणि गळ्यावर आत वळून पुटकुळ्या येत असतील, तर गळ्यावर उलटा हात कधीच मारू नका. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील किंवा जखमा लवकर भरत नसतील तर डॉक्टरांना विचारून मगच सुरुवात करा.

नंतरची पाच मिनिटं

थंड पाण्याने तोंड धुवा. ओल्या तोंडावर तुरटीचा खडा सगळीकडे अलगद फिरवा. बारीक कापलेलं तुरटीने थांबतं, हे आपल्याकडे घरोघर माहीत आहे. पण तुरटी आणखी एक सांगते. जिथे जास्त झोंबते, तिथे तुम्ही दाबलं होतं. काप दिसत नसेल तरी. पहिले पंधरा दिवस मी रोज लिहून ठेवत होतो: उजवा जबडा, कंठमण्याची डावी बाजू. पंधराव्या दिवशी फक्त एक ठिकाण उरलं. अर्ध्या मिनिटाने तुरटी धुऊन टाका, टिपून घ्या, आणि कातडी कोरडी असेल तर काहीतरी साधं, बिनवासाचं मलम. तुरटीचा खडा पाण्यात ठेवू नका, विरघळतो.

रेझर सैल करून नळाखाली धुवा, झटका आणि उभा ठेवा. पातं पंचाने पुसू नका. धारही जाते आणि पंचाही. पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, रेझर बाथरूममध्ये न ठेवता बाहेर फळीवर ठेवलेला बरा. आठवड्यातून एकदा सगळे भाग सुटे करून साबणाच्या पाण्यात पाच मिनिटं. एवढं केलं तर पहिल्या दिवसासारखी मोठी सफाई पुन्हा करावी लागत नाही.

एक पातं तीन ते पाच दाढ्या चालतं. ओढल्यासारखं वाटलं की त्याच क्षणी बदला, आठवडा पुरा करायचा म्हणून नाही. आणि वापरलेलं पातं कागदात गुंडाळून कचऱ्यात टाकू नका. तो कचरा कुणीतरी हाताने वेगळा करतं. एक रिकामा पत्र्याचा डबा घ्या, झाकण चिकटवून टाका, वर पातं जाईल एवढी चीर पाडा. पाती आत जातात, बाहेर येत नाहीत. असा डबा भरायला काही वर्षं लागतात. भरला की चीर चिकटपट्टीने बंद करून, वर मोठ्या अक्षरात 'धारदार पाती' लिहून सफाई कामगाराच्या हातात वेगळा द्या आणि तोंडानेही सांगा. प्रवासाला विमानाने जाणार असाल तर पाती सामानाच्या बॅगेत टाका, हातातल्या बॅगेत ती अडवतात.

आजोबांच्या डब्यात रेझरखाली एक घडी केलेला कागद होता. मी आधी पावती समजलो. पेन्सिलने काढलेला चेहरा होता, गळ्याच्या डाव्या बाजूला एक बाण. कानाकडे.